पित्तनलिकेचे जन्मजात दोष: फुगलेली नळी कापून का टाकतात?

"पित्त झालंय" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा बोलत असतो जठरातल्या आम्लाबद्दल. खऱ्या पित्ताचा त्या जळजळीशी फारसा संबंध नाही. ते यकृतात तयार होतं, रंगाने हिरवट-पिवळं, चवीला कडू, आणि आम्ल तर नाहीच, उलट किंचित अल्कधर्मी. मोठ्या माणसाचं यकृत दिवसाला साधारण 600 मिलिलिटर ते 1 लिटर पित्त बनवतं. त्यातले क्षार चरबी पचवायला मदत करतात, आणि शरीराला नको असलेला बिलिरुबिन नावाचा पिवळा घटकही पित्ताबरोबरच बाहेर पडतो. शौचाला जो पिवळा-तपकिरी रंग असतो तो त्याचाच. ही रंगाची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे एका आजाराचं निदान तिच्यावरच येणार आहे.

पित्ताची वाट झाडासारखी आहे, फक्त प्रवाह उलटा. यकृताच्या आत अगदी बारीक फांद्या, त्या जुळत जुळत एक उजवी आणि एक डावी नळी होते, या दोन्ही यकृताच्या बाहेर पडताच एकत्र येतात. थोडं खाली पित्ताशयाची नळी येऊन मिळते आणि तिथून पुढे मुख्य पित्तनलिका सुरू होते. मोठ्या माणसात तिची रुंदी साधारण 6 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पेन्सिलीहून बारीक. तान्ह्या बाळात ती जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, थोडी त्याच्यातूनच खाली उतरते आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, उघडते. उघडण्याच्या अगदी आधी स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते.

या संगमापाशीच सगळी गोम आहे.

संगम चुकला की काय होतं

एरवी हा संगम आतड्याच्या भिंतीत होतो आणि त्याच्याभोवती एक गोल स्नायू असतो. स्नायू आवळला की दोन्ही नळ्यांची तोंडं बंद होतात, त्यामुळे एकीतला रस दुसरीत चढत नाही. गर्भात यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडाचा एक भाग हे सगळे आतड्यातून फुटलेल्या एकाच कोंबाच्या आसपास घडतात. ती घडण जराशी बिघडली तर दोन नळ्या आतड्याच्या भिंतीत न मिळता बाहेरच, बऱ्याच आधी मिळतात. मग पुढे एक लांब सामाइक नळी उरते आणि स्नायूचा ताबा संगमापर्यंत पोचतच नाही.

स्वादुपिंडाच्या नळीतला दाब पित्तनलिकेतल्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे दार नसलेल्या या संगमातून स्वादुपिंडाचा रस वर पित्तनलिकेत शिरतो. हा रस प्रथिनं पचवण्यासाठीच असतो, आणि नळीची भिंत हीसुद्धा शेवटी प्रथिनांचीच. वर्षानुवर्षं भिंतीच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते भरून येतं, पुन्हा इजा होते. भिंत कमकुवत होऊन फुगते. ही मांडणी अमेरिकन रेडिओलॉजिस्ट बॅबिट यांनी 1969 मध्ये केली आणि ऑपरेशनच्या वेळी फुगलेल्या नळीतल्या पित्तात स्वादुपिंडाचं अमायलेज हे पाचक विकर (एन्झाइम) भरपूर सापडतं, हा तिला मिळालेला मोठा आधार.

मात्र सगळ्याच फुगवट्यांना हे स्पष्टीकरण पुरत नाही. काही फुगवटे बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसतात, आणि त्या वयात स्वादुपिंडाचा रस म्हणावा तसा तयारही होत नसतो. तिथे नळीचं खालचं टोक जन्मतःच अरुंद असणं, हे कारण जास्त पटतं.

या फुगलेल्या नळीला डॉक्टर 'कोलेडोकल सिस्ट' म्हणतात. सिस्ट म्हटल्यावर एखादी वेगळी पाण्याची गाठ डोळ्यांसमोर येते. इथे तसं नाही. ती नळीच असते. तिला बाजूला काढून नळी शाबूत ठेवता येत नाही, आणि रुग्णाच्या घरच्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो: "गाठ काढा, पण नळी कशाला काढता?" कारण दोन्ही एकच आहेत.

नेहमीच्या पोटदुखीत लपलेला आजार

पाश्चात्त्य देशांत हा दोष लाखात एखाद्याला आढळतो, पूर्व आशियात, विशेषतः जपानमध्ये, तो कितीतरी जास्त दिसतो. मुलींमध्ये मुलांपेक्षा तीन-चार पटींनी जास्त. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली हाताला लागणारी गाठ ही तीन लक्षणं पाठ्यपुस्तकात एकत्र छापलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एका रुग्णात सापडणं हा अपवाद. लहान मुलात बहुधा अधूनमधून पोट दुखतं, उलट्या होतात, दोन-तीन दिवसांत मूल पुन्हा खेळायला लागतं. जंत असतील, काहीतरी बाधलं असेल, असं म्हणून वर्षं निघून जातात. मोठ्या माणसात पित्ताशयात खडे सापडतात आणि सगळं खापर खड्यांवर फुटतं. मुलाला स्वादुपिंडाची सूज वारंवार येत असेल, तर मात्र संगमाकडे बघायलाच हवं.

सोनोग्राफीत नळी रुंद दिसली की पुढची तपासणी बहुतेक वेळा एमआरसीपी. हा एमआरआयचाच एक प्रकार. त्यात साचलेला द्रव पांढरा चमकतो, त्यामुळे शरीरात काही न घालताही नळ्यांचा पूर्ण नकाशा मिळतो. सर्जनला हवा असतो तो हा नकाशा: फुगवटा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, यकृताच्या आत शिरतो का, आणि संगम नेमका किती वर आहे. लांब दुर्बीण आतड्यात घालून खालून रंगद्रव्य सोडण्याचा ईआरसीपी हा मार्गही आहे, पण त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून केवळ चित्र हवं म्हणून तो करत नाहीत.

1977 मध्ये जपानचे सर्जन तोदानी यांनी या फुगवट्यांचे पाच प्रकार पाडले आणि ती विभागणी आजही वापरात आहे. पहिला प्रकार यकृताबाहेरची नळी फुगण्याचा. सर्वांत जास्त रुग्ण त्याचेच. दुसऱ्यात नळीला बाजूने एक पिशवी फुटते. ती देठापाशी कापली की बहुतेकदा काम होतं. तिसऱ्यात नळीचं शेवटचं टोक आतड्याच्या भिंतीत फुगतं आणि अनेकदा पोट न उघडता दुर्बिणीतून तोंड मोठं करून भागतं. चौथ्यात अनेक फुगवटे असतात, बहुधा यकृताच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे. पाचवा, फक्त यकृताच्या आतल्या नळ्यांचा, फ्रान्सच्या जाक कारोली यांनी 1958 मध्ये वर्णन केला म्हणून कारोलीचा आजार. तो या यादीत बसतो का, याबद्दल मला स्वतःला शंका वाटते, आणि अनेक तज्ज्ञांनाही. त्याचं मूळ संगमात नाही, यकृताच्या आतल्या नळ्या घडण्याच्या प्रक्रियेत आहे, आणि त्याच्यासोबत मूत्रपिंडांचे आनुवंशिक दोषही आढळतात. आजार यकृताच्या एकाच भागापुरता असेल तर तेवढा भाग कापून काढतात. सगळ्या यकृतात पसरला असेल आणि जंतुसंसर्ग थांबतच नसेल, तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

सोपं ऑपरेशन का सोडून दिलं

जर्मन शरीरशास्त्रज्ञ आब्राहम वाटर यांनी 1723 मध्ये अशा फुगलेल्या नळीची नोंद केली होती, पण ऑपरेशनं नियमित होऊ लागली ती विसाव्या शतकात. तेव्हाची पद्धत ऐकायला अगदी तर्कशुद्ध होती. फुगवट्यात पित्त तुंबलंय ना? मग फुगवट्याला भोक पाडा आणि ते शेजारच्या आतड्याला शिवून टाका. पित्ताला मोकळी वाट मिळाली, कावीळ उतरली, रुग्ण आठवड्याभरात घरी. रक्तस्राव कमी, वेळ कमी, धोकाही कमी.

त्रास सुरू झाला काही वर्षांनी. थंडी वाजून ताप, पुन्हा कावीळ, जोडाच्या जागी अरुंदपणा, आत खडे. आणि काहींना त्याच जुन्या भिंतीत कॅन्सर.

असं का व्हावं? कारण ऑपरेशनने पित्त मोकळं केलं, पण संगम जिथल्या तिथे राहिला. स्वादुपिंडाचा रस तसाच वर चढत होता, इजा झालेलं अस्तर तसंच होतं, आणि आता त्यात भर म्हणून आतड्यातले जंतूही आत शिरत होते. तुंबणं हे फक्त लक्षण होतं. आजार होता दोन रस एकमेकांत मिसळण्याचा.

म्हणून आजच्या ऑपरेशनचं सूत्र निराळं आहे: यकृताबाहेरची फुगलेली नळी पित्ताशयासकट पूर्ण काढायची, आणि पित्ताची वाट स्वादुपिंडाच्या वाटेपासून कायमची तोडायची. एरवी काही त्रास नसलेल्या रुग्णालाही हेच सांगितलं जातं, कारण कॅन्सरचा धोका वयाबरोबर वाढत जातो. आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत तो अगदी नगण्य असतो. विशीनंतर निदान झालेल्यांत 10 टक्क्यांच्या वरचे आकडे अनेकदा दिले जातात. ज्यांचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांनाही शक्य असेल तर पुन्हा पोट उघडून ती भिंत काढून टाकण्याचा सल्ला देतात.

याच तर्काची एक गमतीशीर बाजू आहे. काही लोकांत संगम चुकलेला असतो, पण नळी फुगलेलीच नसते. तिथे रस पित्ताशयात जाऊन साठतो आणि कॅन्सरची भीती प्रामुख्याने पित्ताशयाला असते. अशा वेळी केवळ पित्ताशय काढून नळी ठेवली तरी चालतं, असं मानणारे बरेच आहेत. नळीही काढावी असं म्हणणारेही आहेत.

प्रत्यक्ष ऑपरेशन

ताप, पू किंवा स्वादुपिंडाची सूज चालू असताना हे ऑपरेशन करत नाहीत. आधी प्रतिजैविकं, गरज पडल्यास बाहेरून नळी घालून तुंबलेलं पित्त काढणं, आणि सूज ओसरेपर्यंत थांबणं.

नंतर पित्ताशय सोडवून फुगलेली नळी आजूबाजूच्या भागांपासून अलग करायची. तिच्या पुढून किंवा मागून यकृताची रोहिणी जाते, आणि बरोबर मागे असते पोर्टल व्हेन, आतड्यांतलं सगळं रक्त यकृतात नेणारी जाड नीला. वारंवार सूज येऊन गेलेली असेल तर सिस्टची मागची भिंत या नीलेला घट्ट चिकटलेली असते. ती ओढून काढायला गेलं तर नीला फाटू शकते. अशा वेळी अमेरिकन सर्जन जॉन लिली यांची युक्ती कामी येते: भिंत आतून उघडायची, मागचा बाहेरचा थर नीलेवर तसाच ठेवायचा आणि फक्त आतलं अस्तर सोलून काढायचं. धोका अस्तरात आहे, बाहेरच्या थरात नाही, हे एकदा कळलं की युक्ती किती नेमकी आहे ते लक्षात येतं.

खालचं टोक जास्त नाजूक. नळी स्वादुपिंडात जिथे शिरते तिथे ती निमुळती होत जाते आणि शेवटी स्वादुपिंडाच्या नळीला मिळते. आधीच थांबलं तर मागे नळीचा एक खुंट उरतो. पुढे त्यात खडे होतात, क्वचित कॅन्सरही. जरा जास्त खाली गेलं तर स्वादुपिंडाचीच नळी कापली जाते आणि पाचक रस पोटात गळू लागतो. या दोन्हींमध्ये काही मिलिमीटरचं अंतर. काही सर्जन नळीच्या आत बारीक दुर्बीण घालून तोंड नेमकं कुठे आहे ते बघतात आणि मगच बांधतात.

वरच्या बाजूला उजवी-डावी नळी जिथे एकत्र येते त्याच्या जवळ, निरोगी अस्तर दिसेपर्यंत, कापतात. चौथ्या प्रकारात इथेच आत एखादा पडदा किंवा अरुंद पट्टा सापडतो. तो तसाच ठेवून वर जोड दिला तर यकृताच्या आतल्या फुगवट्यात खडे साठत राहतात, म्हणून तो कापून तोंड रुंद करून घ्यावं लागतं. यकृतातले फुगवटे सगळ्यांचेच काढता येत नाहीत. बाहेरचा अडथळा गेल्यावर लहान मुलांत त्यातले काही आपोआप आकसतात.

आता यकृतातून येणारं पित्त कुठे न्यायचं? लहान आतडं एका जागी कापून खालचं टोक वर यकृतापर्यंत आणतात आणि नळीच्या तोंडाला शिवतात. वरचं टोक, ज्यातून अन्न येतं, खाली बाजूने त्याच आतड्याला जोडतात. एकूण आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. स्वित्झर्लंडचे सर्जन सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जठराच्या ऑपरेशनसाठी ही मांडणी रूढ केली, म्हणून तिला 'रू-एन-वाय' म्हणतात. पित्त नेणारा हा फाटा मोठ्या माणसात साधारण 40 सेंटिमीटर किंवा थोडा जास्त ठेवतात. एवढ्या लांबीमुळे खालचं अन्न आणि जंतू उलटे यकृताकडे चढत नाहीत. बाळात तो त्याच्या मापाने आखूड.

काही सर्जन हा खटाटोप टाळून नळी थेट ड्युओडेनमला जोडतात. ऑपरेशन लवकर होतं, अन्नमार्गही नैसर्गिक राहतो. पण पित्त जठरात मागे फिरून तिथे सूज आणण्याचं प्रमाण त्यात जास्त आहे. वाद अजून मिटलेला नाही. दुर्बिणीतून, म्हणजे लॅपरोस्कोपीने, सिस्ट काढण्याचं पहिलं वर्णन 1995 मध्ये आलं आणि आता मोठ्या केंद्रांत लहान मुलांचीही ऑपरेशनं अशी होतात. पोटावरचा व्रण लहान राहतो हे खरं, पण आतला जोड तेवढाच बारीक आणि तेवढाच अवघड असतो. किती भोकांतून केलं यापेक्षा ते करणाऱ्याने असे जोड किती केलेत, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

जिथे नळीच उरत नाही

याच कुटुंबातला, पण स्वभावाने अगदी उलटा आजार म्हणजे बिलिअरी अट्रेशिया. इथे नळी फुगत नाही, बुजून जाते. जन्माच्या सुमाराला पित्तनलिकेला सूज येते आणि तिचं दोरीसारख्या तंतूत रूपांतर होतं. बाळ दिसायला गुटगुटीत असतं, दूध पितं. फक्त दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरत नाही, लघवी गडद होते आणि शी पांढुरकी, मातकट, चुन्यासारखी होऊ लागते. पित्त आतड्यात पोचत नाही, मग रंग येणार कुठून? तैवानने 2004 मध्ये देशभर नवजात बाळांच्या पालकांना शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, ती एवढ्यासाठीच. कार्डावरच्या चित्रांशी शी ताडून बघायची, बस.

या आजाराला पूर्वी उत्तरच नव्हतं, कारण जोडायला नळीच नाही. जपानच्या सेंदाई शहरात मोरिओ कासाई यांनी 1955 मध्ये ते शोधलं. तंतू झालेली नळी त्यांनी यकृताच्या दारापर्यंत, म्हणजे नळ्या यकृतातून जिथे बाहेर पडतात तिथपर्यंत, कापून काढली आणि उघड्या पडलेल्या त्या जागेभोवती थेट आतडं शिवलं. डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं तिथे असतात आणि त्यांतून पित्त झिरपू लागतं. आज ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सिस्टमध्ये सूज ओसरेपर्यंत थांबता येतं, इथे मात्र दिवस मोजावे लागतात. यकृत कडक होत जातं, म्हणून बाळ 60 दिवसांचं होण्याआधी ऑपरेशन व्हावं असं म्हणतात. उशीर झाला तरी दार लगेच बंद होतं असं नाही, पण यशाची शक्यता घसरत जाते. साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त बाळांची कावीळ उतरते, तरीही यातल्या बऱ्याच मुलांना पुढे केव्हातरी यकृत प्रत्यारोपण लागतं. मग कासाई कशाला, असं पालक विचारतात. उत्तर हे की प्रत्यारोपण जितकं पुढे ढकलता येईल तितकं मूल मोठं आणि तगडं झालेलं असतं, आणि काहींना ते कधीच लागत नाही.

गर्भातच सोनोग्राफीत यकृताखाली गाठ दिसली, तर ती सिस्ट आहे की अट्रेशियाचाच गाठ असलेला प्रकार, हे जन्मानंतर लगेच ठरवावं लागतं. एकात काही आठवडे हाताशी असू शकतात, दुसऱ्यात नसतात.

दोष नसलेले दोष

काही नळ्या चुकीच्या नसतात, फक्त वेगळ्या रस्त्याने जातात. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी रचना जेमतेम साठ टक्के लोकांत सापडते. कुणाची उजव्या मागच्या भागाची नळी डाव्या नळीला मिळते, कुणाची खाली येऊन पित्ताशयाच्या नळीजवळ उतरते, कुणाच्या पित्ताशयाच्या गादीतून (यकृतावर पित्ताशय जिथे टेकलेलं असतं तिथून) यकृताची एखादी बारीक नळी जाते. यांना ऑपरेशनची गरज नाही. त्यांचा त्रास होतो तो दुसऱ्याच कारणासाठी, खड्यांचं पित्ताशय काढताना. खाली उतरलेली उजवी नळी पित्ताशयाचीच समजून कापली जाऊ शकते. म्हणूनच काहीही कापण्याआधी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रोहिणी, स्पष्ट दिसायला हव्यात, हा नियम सर्जन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडला. फार क्वचित कुणाला पित्ताशयच नसतं. सोनोग्राफीत आकसलेलं वाटलं म्हणून पोट उघडलं आणि आत काही सापडलंच नाही, तर शोधत खोल जाण्यापेक्षा थांबून एमआरसीपी करणं शहाणपणाचं, कारण शोधता शोधता खरी नळी दुखावते.

ऑपरेशननंतर

पहिल्या काही दिवसांत जोडातून पित्त गळू शकतं. बहुतेक वेळा बाहेर ठेवलेल्या नळीतून ते वाहून जातं आणि आपोआप थांबतं. मुलं सहसा आठवड्या-दीड आठवड्यात घरी जातात आणि नेहमीसारखं खातात. अडचण आली तर ती वर्षांनी येते: जोड अरुंद होतो, थंडी वाजून ताप येतो, कावीळ दिसते. सिस्ट काढल्यावर कॅन्सरचा धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. उरलेल्या टोकांत किंवा यकृतातल्या नळ्यांत तो राहतो. म्हणून वर्षातून एकदा रक्ताच्या यकृत-चाचण्या आणि सोनोग्राफी, तीही मूल मोठं होऊन नोकरीला लागलं तरी.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. रू-एन-वाय जोड झाल्यावर नेहमीची दुर्बीण तोंडावाटे त्या जोडापर्यंत पोचत नाही, कारण वाट आता लांब आणि वळसा घेऊन जाते. वीस वर्षांनी कावीळ झाली तर बहुधा यकृतातून सुई घालून वरूनच नळीत शिरावं लागतं. तेव्हा समोरचा डॉक्टर विचारेल की आतडं कशाला जोडलंय, फाटा किती लांब आहे, आणि स्वादुपिंडाच्या बाजूला काही शिल्लक ठेवलंय का. ऑपरेशन झालं तेव्हा जो तीन वर्षांचा होता त्याला यातलं काही आठवणार नाही. डिस्चार्ज कार्डावर बहुधा एका ओळीत नाव असतं. मागायला हवी ती ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि काढलेल्या नळीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, दोन्हीच्या प्रती काढून.